घाऱ्या मिस्त्रीचा आजा

वणीला बस स्टँडच्या मागे गफ्फार मिस्त्रीचं गॅरेज आहे. पण गफ्फार म्हणून विचारलंत तर कोणी पत्ता सांगणार नाही, ‘घारा मिस्त्री’ म्हणा, पानवालासुद्धा हात धरून नेऊन सोडेल. वय चौसष्ट. डोळे घारे, मानेवर तांबूस ठिपके, आणि आमच्या मे महिन्याच्या उन्हात आपण सगळे काळे पडतो, हा लाल होतो. असा माणूस लपत नाही. लहानपणी पोरं त्याला ‘इंग्रजाचा’ म्हणायची. त्याच्या बापाला, जमीरचाचाला, त्याहून वाईट म्हणायची. ते मी इथे लिहीत नाही. म्हणणारे मेले, आता मेलेल्यांचं काय काढायचं!

मी धर्मपाल. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं धूळ खाल्ली. जातीच्या दाखल्यासाठी लोकांचे आजे-पणजे कोतवाल बुकातून शोधून द्यायचो. जुन्या काळी गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद ठेवायचा, ती ही वही. तिच्यात बाळाचं नाव नसतं. अमक्याला मुलगा झाला, जात अमुक, खबर अमक्याने दिली, एवढंच. म्हणजे बापाचं नाव हाती नसेल तर बुक उघडून उपयोग नाही.

जमीरचाचा एकदा माझ्याकडे आला होता. टेबलासमोर टोपी सावरत उभा राहिला नि म्हणाला, “बाबूजी, माह्या जन्माची नोंद पायजे.” मी मान वर न करता म्हणालो, “बापाचं नाव आणा, मग शोधतो.” ‘बरं’ म्हणाला नि गेला. बापाचं नावच तर शोधायला आला होता बिचारा. हे मला कळलं तोवर चाचा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

ते सांगितलं गफ्फारने. निवृत्तीनंतर मी त्याच्या गॅरेजवर चहाला बसायला लागलो, तेव्हा. त्याची दादी हजराबी पुसदकडच्या एका खेड्यातली. मामा वणीजवळच्या राजूरच्या कोळसा खाणीत लोहारकाम करायचा, त्याच्याकडे राहायला आली. खाणीवर एक गोरा साहेब होता, इंजिनं बघायचा. दोघांचं जमलं. निकाह झाला असं हजराबी म्हणायची, लोक नाही म्हणायचे. जमीर वर्षाचा असताना साहेब दिसेनासा झाला. हजराबी पन्नास वर्षं जगली त्यानंतर, गोधड्या शिवून पोर वाढवलं, पण साहेबाचं नाव तिने कधी उच्चारलं नाही. राग म्हणून नव्हे. नवऱ्याचं नाव बाईने तोंडाने घ्यायचं नसतं, म्हणून! “जमीरचे अब्बा” एवढंच म्हणायची. तिने मान राखला आणि त्या मानापायी पोराच्या बापाचं नाव तिच्याबरोबर मातीत गेलं.

“अब्बा शेवटच्या दुखण्यात एकच इचारत होते,” गफ्फार म्हणाला. “त्यानं मले पाह्यलं बी असंन का रे? का पोटात असतानाच सोडून गेलता? दादी सांगे, तुले खेळवलं त्यानं. पण अब्बाले वाटे, मन राखाले सांगते.”

मला माझं ते टेबल आठवलं. मी म्हणालो, “आपण शोधू.” प्रायश्चित्त म्हणा हवं तर.

गफ्फारची नात कहकशां पुण्याला नोकरी करते. तिने आजोबांची थुंकी नळीत भरून तपासायला पाठवली. उत्तर आलं, चौथा हिस्सा आयर्लंड.

“म्हंजे इंग्रजच ना?” गफ्फारने विचारलं.

“त्यांच्यासमोर म्हणू नको,” मी म्हणालो. “मारतील.”

त्या तपासणीतून तिकडच्या एका बाईशी रक्त जुळलं. कहकशांने तिला लिहिलं. बाई भली. तिने कळवलं की त्यांच्या घरातले तीन चुलत भाऊ हिंदुस्थानात गेल्याचं ऐकलं आहे. कोणता कुठे, ठाऊक नाही. पत्रं नाहीत. तिकडचे कितीतरी जुने कागद शंभर वर्षांपूर्वीच्या लढाईत कचेरीसकट जळाले. वाचून गफ्फार हसला. “त्यायचे जळाले, आपले वाळवीनं खाल्ले. सारखंच झालं.” हसता हसता त्याने पाना उचलला आणि उगाच एक घट्ट बसलेला नट पुन्हा आवळला.

चार महिने मी राजूरची पानं चाळली. जमीरचाचाच्या जन्माच्या अंदाजाने मागची-पुढची तीन-तीन सालं बघितली. गोऱ्याची एक नोंद नाही. माहेरच्यांनी हजराबीला दार बंद केलं होतं हे सगळ्यांना माहीत, म्हणून पोर राजूरलाच झालं असणार, असं आम्ही धरून चाललो.

एके दिवशी मी घरी चिडचिड करत होतो. सत्यशीला, माझी बायको, तांदूळ निवडत होती. मान खाली ठेवूनच म्हणाली, “पह्यलं बाळंतपण कुठी होते?”

“माहेरी. पण तिले हाकललं होतं.”

“आन रुपालीले तुमी काय केलं होतं?”

आमच्या रुपालीने मनाने लग्न केलं तेव्हा ‘हा उंबरा चढायचा नाही’ असं मीच गर्जलो होतो. सातव्या महिन्यात सत्यशीला जाऊन तिला घेऊन आली, आणि नातवाला पहिल्यांदा मांडीवर घ्यायला मीच पुढे! हाकललेली पोरही बाळंतपणाला येते. दार बंद झालं असेल ते नंतर, साहेब गेल्यावर. एकतीस वर्षं लोकांचे वाडवडील शोधणाऱ्याला एवढं सुचू नये, याला काय म्हणावं?

सकाळच्या एसटीने आम्ही यवतमाळ आणि तिथून पुसद गाठलं. तिथल्या तहसीलीत हजराबीच्या खेड्याचं बुक निघालं. दुपारी तीनच्या सुमारास सन १९३६च्या पानावर माझं बोट थांबलं. मोडी वळणाचं अक्षर होतं, मी मोठ्याने वाचलं.

“मुलगा. आई हजराबी. बाप मायकल साहेब, राजूर खाण.”

गफ्फार पानावर वाकला.

“पुढं जात लिहिली आहे. आधी ‘इंग्रज’ लिहिलं, ते खोडलं, वर ‘आयरिश’ लिहिलं.”

“काहून खोडलं?”

“कोणीतरी खोडायला लावलं म्हणून. त्या खेड्यात तेव्हा इंग्रज आणि आयरिश यांतला फरक कोतवालाला कोण सांगणार? एकच माणूस सांगेल, नि तोही समोर उभा राहून, भांडून.” मी शेवटचा रकाना वाचला. “खबर देणार: बाप खुद्द. तारखा बघता पोर बारा दिवसांचं होतं.”

“राजूरहून आलता?”

“आलता.”

“मंग पाह्यलं असंन अब्बाले.”

“एवढ्या दूर येऊन पोराचं तोंड न पाह्यता जाईन का कोणी?”

गफ्फार खाली बसला, तिथेच फरशीवर, आणि लहान पोरासारखा रडला. “अब्बाले सांगाले पायजे होतं,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. चाचा माझ्यासमोर उभा होता त्या दिवशी मी नुसतं ‘बसा’ म्हणालो असतो, गाव विचारलं असतं, तर हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं असतं. पुढे साहेब कुठे गेला, मेला की पळाला, हे त्या बुकात नाही, आणि बहुतेक कुठेच नसेल.

नक्कल हवी तर अर्ज भरा, असं तिथल्या बाबूने सांगितलं. गफ्फारने नाव लिहिलं, पत्ता लिहिला. मग एका रकान्यापाशी पेन थांबलं: नोंदीतील व्यक्तीशी नाते.

“इथं बापाचं लिहू का त्या साहेबाचं?”

“साहेबाचं लिही.”

“‘दादा’ म्हणून हाक माराले मले आजाच नव्हता, धर्मपालभाऊ.” त्याने नाक पुसलं, आणि हळूहळू, गिरवल्यासारखं लिहिलं, ‘नातू’.

बाबूने कागदासाठी हात पुढे केला. गफ्फारने कागद सोडला नाही.

“थांबा ना साहेब,” तो म्हणाला, “एकडाव वाचू द्या.”