दादानं फोनची दृष्ट काढली

ओटाहुहूच्या आमच्या फ्लॅटमधल्या दादाइतका चुळबुळ्या प्राणी अख्ख्या न्यूझीलंडात नव्हता, मेंढ्या धरल्या तरी. पुण्याचा, चाळिशीचा, ऑकलंडला सॉफ्टवेअरवाला. बसला की पाय हलणार, चहा गाळताना डोळा फोनवर. कारण फोनमध्ये ती. ती म्हणजे मोठ्यांच्या 'तसल्या' फिल्म्समधली नटी. बरं, फिल्म्स दादा बघायचाच नाही. "कामात असते रे ती तेव्हा!" त्याचा जीव तिच्या अकाउंटवर. तिथं ती विस्कटलेल्या केसांनी, मांडीवर मांजर घेऊन यायची, "हे फक्त तुलाच सांगतेय हं" म्हणायची आणि शेवटी न चुकता विचारायची, "हॅव यू ईटन, हन?" ऐकणारे हजारो, पण दादा रोज मनापासून लिहायचा, "येस. फ्लॉवर-बटाटा. यू?" एकदा तिनं त्याखाली लाल बदाम टाकला, तर ह्यानं डेअरीतून आम्हाला आइस्क्रीम आणलं.

चिपळूणच्या शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून छड्या खाल्लेला मी, हिला सोडतोय होय? "हॅव यू ईटन, हन?" म्हटलं की दादाची जँडल, म्हणजे इथली स्लिपर, अंगावर यायचीच. "गप रे माकडा! या देशात दुसरं कोण विचारतं मला, जेवलास का म्हणून?"

एका रविवारी ती रडवेली होऊन म्हणाली, लोक घाणेरडं लिहितात, झोप लागत नाही. दादा ताडकन उठला. फोन साखरेच्या डब्याला टेकवला, मीठ-मोहऱ्या-मिरच्या मुठीत घेऊन तिच्यावरून उतरवल्या आणि तापल्या तव्यावर टाकल्या. स्मोक अलार्म कोकलायला लागला. आम्ही खोकत बाहेर, शेजारची सामोअन मावशी पाण्याची बादली घेऊन दारात.

"दादा, ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हतीच!" मी म्हटलं.

"मग झोप का लागत नाही तिला?"

पुढच्याच आठवड्यात तिचं अकाउंट बंद. ना निरोप, ना काही. दादा ओट्यापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायचा, अंगठ्यानं फोन घासायचा. "कळवून तरी जायचं. मला सगळं सांगायची ना रे?" मग एक दिवस त्याचा पायच हलायचा थांबला. ते काही बघवेना.

त्या संध्याकाळी कुकरची पहिली शिट्टीही झाली नव्हती.

"ए, काढ ना तिचा आवाज."

मी जँडल चुकवायच्या तयारीत म्हटलं, "हॅव यू ईटन, हन?"

"येस," दादा म्हणाला. "यू?"

यावर ती कधी काही बोललीच नव्हती. नक्कल करणार कशाची? शेवटी माझ्याच आवाजात म्हटलं, "नाही रे दादा, अजून. पानं घेऊ का?"