हात द्यायचा नाही

आमच्या बॅचचे किस्से सांगायला बसलं की पोळ्या करायला बसल्यासारखं होतं. एक ताटात पडते तोवर दुसरी तव्यावर फुगलेली असते आणि तिसरी पोळपाटावर. समोरचा 'पुरे' म्हणेपर्यंत हात थांबत नाही. माझं शिक्षण दहावीपर्यंत. लिहिण्याची सवय म्हणाल तर पत्रांचीच. पण हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय आणि अजूनही सांगताना माझं मलाच खरं वाटत नाही. म्हणून लिहून ठेवते.

दिल्लीत आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही द्वारकेला राहायला आलो, तेव्हा मेट्रोचे नुसते खांब उभे होते. सोसायट्या नव्या, रस्ते रुंद, गॅलऱ्या मोठ्या. फक्त नळाला पाणी नव्हतं. टँकर आला की बायका कॅन घेऊन खाली, आणि भरले की तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण ती वीज असेल तेव्हा.

माझ्या समोरच्या दारात साळवे काकू राहायच्या. मूळच्या नगरच्या, ख्रिश्चन. वय सहासष्ट. या फ्लॅटसाठी काका-काकूंनी सतरा वर्षं वाट पाहिली. काका त्यात पाच महिने राहिले आणि गेले. मुलगा अविनाश अमेरिकेत, कॉम्प्युटरच्या नोकरीत.

एके दिवशी दुपारी मी विरजण मागायला गेले. बेल वाजवली, आत रेडिओ चालू, पण दार उघडेना. तेवढ्यात काकूंचा आवाज आला, "सुनंदा, तुझ्याकडच्या किल्लीने उघड गं." आत गेले तर काकू स्वयंपाकघरात जमिनीवर आडव्या. सकाळी नऊला पाय घसरला होता. हाड मोडलं नव्हतं, साधं खरचटलंही नव्हतं. फक्त उठता येत नव्हतं. चार तास.

मला पाहून म्हणाल्या, "ओट्याच्या खाली केवढी कोळिष्टकं झालीत, आज कळलं बघ."

मी हसले, पण त्यांना उचलायला वाकले तर माझीच कंबर धरली. शेवटी चौकीदार आणि खालचा इस्त्रीवाला अशा दोघांनी मिळून त्यांना उचलून खुर्चीत बसवलं. ते दोघे जाईपर्यंत काकूंनी डोळे उघडले नाहीत.

अविनाशचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. मुलगा वाईट नाही हो, घाबरला होता. म्हणाला, "आई, नाताळात येतो. फ्लॅट विकू आणि तू माझ्याकडे चल." काकू म्हणाल्या, "मी कुठेही येणार नाही." तो म्हणाला, "तू एकटी जमिनीवरून उठू शकत नाहीस. उठून दाखव, मग मी पुन्हा विषय काढणार नाही."

तेव्हा जून चालू होता.

* * *

टँकर जवळच्याच गावातल्या एका घरचा होता. एकदा पाइप धरणारा माणूस आला नाही, म्हणून त्या घरची सून आली. नाव सुमित्रा, वय तिशीचं, सलवार-कुर्ता, डोक्यावर ओढणी. काकूंचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन तिने दोन हातांत घेतले आणि तिसऱ्या मजल्यावर आली. धाप नाही, घाम नाही. जशी काही भाजीची पिशवी आणून ठेवली.

काकू बघतच राहिल्या. "बेटी, तुम खाती क्या हो?"

"अम्मा, मैं ब्याह से पहले वेट उठाती थी. स्टेट तक गई हूँ." मग ओढणी सारखी करत म्हणाली, "अब सारा सामान भैंसों की कोठरी में पड़ा है."

काकूंनी मग विचारलं, "मुझे ज़मीन से उठना सिखाओगी?"

सुमित्राने त्यांचे गुडघे पाहिले, मनगटं पाहिली, पायातल्या सपाता पाहिल्या. बाजारात गाय पारखतात तसं. "सिखा दूँगी. छह महीने लगेंगे. और अम्मा, मैं हाथ नहीं दूँगी."

पुढच्या सोमवारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून लोखंड आलं. एक लांब दांडा आणि गोल चकत्या, सगळ्याला शेण लागलेलं. सोसायटीच्या हॉलमध्ये बांधकामाच्या उरलेल्या विटा पडल्या होत्या, त्यांच्या शेजारी बसून आम्ही ते साबणाने घासलं. बघायला आलेल्या पाच बायका घासायला बसल्या आणि घासता घासता बॅचमध्ये आल्या. रोज सकाळी अकराला, घरची माणसं ऑफिसला गेल्यावर.

* * *

मी स्वतः मात्र अडून बसले होते. सुमित्राने दांड्याला चकत्या लावल्या आणि म्हणाली, "तीस किलो है, आंटी जी. उठाओ."

मी म्हटलं, "तीस? माझी कंबर जाईल, बाई."

तिने चकत्या काढल्या. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे चहाला आली. चहा ठेवला आणि नेमका गॅस संपला. मी म्हटलं, "एक मिनिट हं," आणि गॅलरीतला भरलेला सिलेंडर उंबऱ्यावरून उचलून आत आणला, लावला, काडी ओढली. वीस वर्षं हेच करत आलेय, त्यात काय.

सुमित्रा दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "आंटी जी, ये कितने का था?"

मी सिलेंडरवरचे आकडे वाचले. रिकामा पंधराच्या वर, आत गॅस चौदाच्या वर. मी परत वाचले. मग गॅस बंद केला आणि खुर्चीत बसले.

"कमर तो है ना अभी?" ती म्हणाली. "पर उठाया ग़लत. कल ठीक से सिखाऊँगी."

तेव्हापासून हॉलमध्ये 'किलो' हा शब्द बंद झाला. अर्धा सिलेंडर, एक सिलेंडर, दीड सिलेंडर. दिवाळीपर्यंत मी दोनला पोचले होते. दोन सिलेंडर. मी, जिला माहेरी सगळे 'काडीपैलवान' म्हणायचे.

* * *

सुमित्रा आम्हाला शिकवायची, पण स्वतः उचलायची नाही. आम्ही खूप मागे लागलो तेव्हा एकदा तयार झाली. दांड्यावर होत्या नव्हत्या त्या सगळ्या चकत्या चढवल्या. आम्ही भिंतीला टेकून उभ्या. तिने श्वास घेतला आणि ते सगळं एका दमात खांद्यापर्यंत आणलं. दांडा दोन्ही टोकांना वाकला होता.

तेवढ्यात दारात तिचे सासरे.

तिने दांडा खाली ठेवला. आपटला नाही, ठेवला. पाठ फिरवली आणि ओढणी पार हनुवटीपर्यंत ओढली. त्यांच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नाही. सासरेही तिच्याशी बोलत नाहीत. म्हातारबाबा माझ्याकडे वळले. मी त्या दोघांच्या मधोमध.

"बेटी, इससे कह दो, भैंस ब्या गई."

म्हैस व्याल्याचा निरोप मी चार हात लांब उभ्या असलेल्या सुमित्राला दिला, "भैंस ब्या गई."

ओढणीतून बारीक आवाज आला, "पूछो, कटिया या कटड़ा?"

मी विचारलं. बाबा म्हणाले, "कटिया." म्हणजे मादी. मी तेही पोचवलं.

बाबा निघाले, पण दारात थांबले. जमिनीवरच्या त्या चकत्यांकडे बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाले, "इससे कहना, भैंसों की कोठरी में दो चक्के और पड़े हैं. मैं भिजवा दूँगा."

हा निरोप मी पोचवला तेव्हा ओढणीच्या आत ती रडत होती की हसत होती, मला अजून माहीत नाही.

* * *

एक छोटासा किस्सा घरचा. लोणच्याच्या बरणीचं झाकण आमच्याकडे नेहमी हेच उघडायचे. एका संध्याकाळी यांची वाट न बघता मी ते फिरवलं आणि पानात लोणचं वाढलं.

यांनी बरणी हातात घेतली. झाकण लावलं. दात-ओठ खाऊन घट्ट केलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "आता उघड."

मी उघडलं.

हे जेवले. हात धुतले. पेपर उघडला. पंधरा मिनिटांनी पेपराच्या मागून आवाज आला, "जेंट्सची बॅच किती वाजता असते?"

* * *

आता काकूंचं सांगते.

पहिल्या दिवशी सुमित्राने खुर्चीवर एकावर एक चार विटा रचल्या, वर उशी ठेवली. "अम्मा, बैठो और उठो. हाथ छाती पर." काकूंनी डोळे मिटून "प्रभू" म्हटलं आणि उठल्या. असं दहा वेळा. दर दोन आठवड्यांनी एक वीट कमी. मग नुसती खुर्ची. मग स्टूल. गणपतीत पाटावर आल्या. इकडे हातांत अर्धा सिलेंडर घेऊन चालणंही चालू होतं.

पाट काढून नुसत्या सतरंजीवर आडव्या झाल्या, तो दिवस विसरता येत नाही. कुशीवर वळल्या, कोपरावर आल्या, गुडघ्यांवर आल्या आणि तिथे अडकल्या. एक पाय पुढे येईना. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आडव्या झाल्या आणि उठायचा प्रयत्नच केला नाही. नुसतं छताकडे बघत राहिल्या. डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं.

मी हात पुढे केला. सुमित्राने माझं मनगट धरलं.

मग ती स्वतः जाऊन काकूंच्या शेजारी सतरंजीवर आडवी झाली. मलाही काय वाटलं कोण जाणे, मी दुसऱ्या बाजूला आडवी झाले. एकेक करत सगळ्याच झाल्या. आठ बायका, सोसायटीच्या हॉलमध्ये, भर दिवसा, छताकडे बघत.

बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या, "यहाँ भी कोळिष्टकं हैं."

त्यांच्या मागोमाग आम्ही सगळ्या कुशीवर वळलो.

डिसेंबर लागला तेव्हा काकू तीनदा केलं तर एकदा उठत होत्या. मी सुमित्राला बाजूला घेऊन विचारलं, "मुलासमोर जमेल ना?" ती म्हणाली, "आंटी जी, मैं स्टेट में तीन में से एक ही उठा पाई थी. वही एक गिना गया."

* * *

अविनाश आला. नाताळ झाला. काकूंनी केक केला, करंज्या केल्या, पण उठून दाखवण्याचा विषय ना त्याने काढला ना काकूंनी. रोज सकाळी मला जिन्यात भेटायच्या आणि म्हणायच्या, "आज नको. आज पाय जड आहेत."

आणि एका धुक्याच्या सकाळी अविनाशने सांगून ठेवलेला दलाल गिऱ्हाईक घेऊनच आला. राजौरी गार्डनचं पंजाबी कुटुंब. नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. तिला ते बीजी म्हणत होते. बीजी काठी टेकत, सुनेच्या दंडाला धरून आल्या आणि सोफ्यावर बसल्या. मी चहा करायला गेले होते, म्हणून तिथे.

दलाल खोल्या दाखवत होता. "धूप अच्छी आती है जी. और माताजी तो अब अमेरिका जा रही हैं, कब्ज़ा तुरंत मिल जाएगा."

काकूंनी शाल काढून खुर्चीवर ठेवली. दिवाणखान्याच्या मधोमध गालिच्यावर बसल्या आणि आडव्या झाल्या.

बीजींची सून किंचाळली. दलाल पाणी आणायला धावला. अविनाश आतून पळत आला, "आई, काय झालं?"

"काही नाही. हात लावू नकोस," काकू म्हणाल्या. "बघ."

कुशीवर वळल्या. कोपर. गुडघे. एक पाय पुढे घेतला, जोर लावला आणि बसल्या परत गुडघ्यांवर. अविनाशचा हात पुढे आला. मी त्याचं मनगट धरलं. माझ्या हातात एवढी ताकद असेल असं त्यालाही वाटलं नसावं, कारण तो वळून माझ्याकडे बघायला लागला.

काकूंनी डोळे मिटले. ओठ हलले. पाय पुन्हा पुढे आला, दोन्ही हात मांडीवर, आणि त्या हळूहळू, हळूहळू उभ्या राहिल्या. साडीच्या निऱ्या सारख्या केल्या.

आत चहा उतू गेल्याचा वास आला, तरी मी हलले नाही.

तेवढ्यात सोफ्यावरून आवाज आला, "बहू, मुझे नीचे बिठा."

"बीजी, आपके घुटने..."

"बिठा."

बीजींना गालिच्यावर बसवलं. त्या स्वतःच आडव्या झाल्या. काठी बाजूला. काकू त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पहले करवट लो. हाँ. अब कोहनी. जल्दी नहीं है." बीजींचा मुलगा पुढे सरकला, तसं काकूंनी मान वर न करता सांगितलं, "बेटा, हाथ नहीं देना. पहली बार सोफ़ा पकड़ना चलता है."

किती वेळ लागला, मी सांगू शकत नाही. तीन पुरुष आणि एक सून हात मागे बांधून उभे होते. शेवटी बीजी सोफ्याचा कोपरा धरून उठल्या. दोन पायांवर. नाक लाल झालेलं, केस सुटलेले. एकदा स्वतःच्या पायांकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. काकू मघासारख्याच, आपल्या आपण उठत होत्या.

बीजी दलालाकडे वळल्या.

"भाई, ये वाला नहीं. इसके पड़ोस वाला कोई दिखा."