मागची लिफ्ट

"तुमची लिफ्ट मागे आहे."

सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मॅडम असं म्हणाल्या तेव्हा माझा एक पाय लिफ्टच्या आत होता. हातात गिरणीतून आणलेला तांदळाच्या पिठाचा डबा. लॉबीत आणखी तिघं उभे होते. तिघांनीही एकदम मोबाइलमध्ये डोकं घातलं.

मला वाटलं, त्यांनी ओळखलं नसेल. म्हणून हसून म्हटलं, "मॅडम, मी आहे. एकशे तीनमधली. मी इथंच राहते."

"माहीत आहे हो. पण आत्ता तुम्ही कामाला चाललाय ना?"

मी पाय मागे घेतला. दार बंद झालं. त्या माझ्या हातची भाकरी खायला पुढून वर गेल्या, आणि तीच भाकरी करायला मी मागच्या बाजूनं गेले.

दहिवलीतली आमची सोसायटी. अकरा मजले. ती उभी आहे तिथं आमची भातखाचरं होती. सासऱ्यांनी आणि त्यांच्या भावांनी जमीन दिली, बदल्यात बिल्डरनं प्रत्येकाला एकेक फ्लॅट दिला. आमचा पहिल्या मजल्यावरचा. सासरे गेल्यावर तो आम्हा नवरा-बायकोच्या नावावर झाला. नवरा साजगावच्या कारखान्यात, त्याला सभांना जायला वेळ नाही, म्हणून कागदावर पहिलं नाव माझं लागलं. म्हणजे मेंबर मी. मत देण्याचा हक्क माझा.

शेत गेलं तरी शेतकऱ्याच्या बायकोला हात बांधून बसता येत नाही. मला भाकरी येते. मुंबई-ठाण्याची माणसं आधी शनिवार-रविवार हवा खायला यायची, मग घरूनच काम करता येतं म्हणून राहिली. त्यांना आमची तांदळाची भाकरी आवडली. मी पाच घरं धरली. अकराव्या मजल्यावरचं सेक्रेटरींचं घर त्यातलं पहिलं. कामाची मला कधी लाज वाटली नाही. आजही वाटत नाही.

लॉबीतल्या त्या प्रकारानंतर आठवड्याभरात गळ्यात अडकवायचं कार्ड आलं. वर माझा फोटो, खाली लिहिलेलं, 'कर्मचारी'. मी सेक्रेटरींना विचारलं, मेंबर असून मला कार्ड कशाला? ते लहान पोराला समजवावं तशा सुरात म्हणाले, "ताई, कामाच्या वेळेत घालायचं. काम झालं की काढायचं. सोपं आहे."

खरंच सोपं होतं. नऊ ते एक मी कर्मचारी, एकच्या ठोक्याला मेंबर. गच्चीवर पापड वाळत घालायला जायचं तर पुढच्या लिफ्टनं. अकराव्या मजल्यावर भाकरी थापायला जायचं तर मागच्या लिफ्टनं. बाई तीच, पापड-भाकरी करणारे हात तेच.

आणि मी ते कार्ड घातलं. दीड वर्ष घातलं. कुणी जबरदस्तीनं गळ्यात अडकवलं नव्हतं, मीच रोज खिळ्यावरचं काढून घालत होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं त्यात माझाही वाटा आहे.

मागची लिफ्ट म्हणजे बांधकामाच्या वेळी फरशा नि सिमेंट चढवायला बसवलेली, जाळीच्या दाराची लिफ्ट. पुढचीला आरसा, पंखा, मंद गाणी. मागचीला एक पिवळा बल्ब. ती मजल्याला कधी नीट लागायची नाही. वीतभर वर, नाहीतर वीतभर खाली. थांबल्यावर क्षणभर गप्प राहायची, आणि मग आपली आपण थोडी सरकायची. आम्ही सात-आठ बायका तिच्यातून जायचो. एरवी तोंडाला खीळ नसलेल्या आम्ही, त्या लिफ्टमध्ये जाळी घट्ट धरून उभ्या राहायचो.

तळाला आली की जाळीतून कुजलेल्या पेंढ्याचा वास यायचा. तिथं आमचा बांध होता. पाया खणताना सासरे कंत्राटदाराला सांगत होते, "हितं पानी थांबतं, रं बाबा. उन्हाल्यात पन वल असते." तो हसला होता. लिफ्टच्या खड्ड्यात बारा महिने पाणी.

एका सकाळी मी सेक्रेटरींकडं परातीत पीठ मळत होते. ते शेजारच्या टेबलाशी फोनवर होते. भिंतीला कान असतात म्हणतात. भाकऱ्या करणाऱ्या बाईलाही असतात हे मात्र कुणाच्या ध्यानात राहत नाही.

ते म्हणाले, "लिफ्टवाल्याचं पत्र आलंय. मागचीचा ब्रेक बदला, तोवर बंद ठेवा म्हणतो. आधी लॉबीचं काम उरकू हो. मागची मेंबर कुठं वापरतात?"

आणि हसले. फोन ठेवला नि मला म्हणाले, "ताई, एक जरा खरपूस भाजा."

मी खरपूस भाजली.

दुसऱ्या दिवसापासून मी जिन्यानं जायला लागले. अकरा मजले. कुणाला काही बोलले नाही. बोलले असते तर बायकांनी विचारलं असतं, हे कुठून कळलं. तिथून ते सेक्रेटरींपर्यंत गेलं असतं आणि माझी घरं सुटली असती. एवढंच कारण. याहून मोठं कारण माझ्याकडं नव्हतं.

हौसामावशी जिने आणि पॅसेज पुसायची. साठीची बाई. नदीपलीकडच्या वाडीतून चालत यायची. दोन भरलेल्या बादल्या घेऊन लिफ्टनं वर जायची आणि पुसत पुसत खाली उतरायची. मी तिला फार आधीपासून ओळखत होते. शेत होतं तेव्हा ती आमच्याकडं लावणीला यायची. दुपारी आम्ही ओटीवर जेवायचो, ती खाली पायरीवर. तिला वर ये असं आमच्या घरात कधी कुणी म्हटलं नाही. मीही नाही. तेव्हा त्यात काही वावगं आहे असं मला वाटलंच नव्हतं. लॉबीत माझा पाय मागे आला त्या दिवशी मला सगळ्यात आधी तीच पायरी आठवायला हवी होती. आठवली नाही.

एक दिवस तिनं मला जिन्यात गाठलं. "काय गं बाय, तू लिफ्टीनं का नाय येत?"

"गुडघे मोकळे होतात, मावशी."

"मजा हाय तुजी. माजे गुडघे मोकले झाले तर गलूनच पडतील." आणि तोंडाला पदर लावून हसली.

मी पण हसले. त्यानंतर रोज सकाळी ती जाळी ओढून घ्यायची, मला हात करायची, आणि वर जायची. मी जिन्यात उभी राहून ती थांबल्याचा आवाज येईपर्यंत ऐकत राहायचे. थांबल्याचा, मग सरकल्याचा. बावीस दिवस मी असं ऐकलं.

तेविसाव्या दिवशी मी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर होते. वर कुठंतरी लोखंडावर लोखंड घासलं. मग जाळीपलीकडून काहीतरी भर्रकन खाली गेलं, पिवळा बल्ब दिसला तेवढाच. खाली पाण्याचा आवाज झाला. मग एक बादली बराच वेळ गडगडत राहिली.

मी धावत खाली गेले. मावशी ओरडत नव्हती. खड्ड्यातल्या पाण्यात लिफ्टचा तळ बुडाला होता आणि ती कोपऱ्यात बसून स्वतःच्या पायाकडं बघत होती. उजवं पाऊल नको त्या दिशेला वळलं होतं. मला बघून म्हणाली, "पानी सांडलं गं सगलं."

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती जरा शुद्धीवर येऊन बोलायला लागली. मी पेज घेऊन गेले होते.

"तुला म्हायती होता का गं?"

खोटं बोलता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं. पण त्या बाईनं कितीतरी पावसाळे माझ्या खाचरात कमरेत वाकून काढले होते.

"होतं मावशी."

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "जा बाय. तुज्या कामाची येल झाली." आणि तोंड भिंतीकडं केलं.

मी पेजेचं भांडं तसंच घेऊन रस्त्यावर आले. मला स्वतःची किळस वाटली. सेक्रेटरींना मागच्या लिफ्टमधली माणसं दिसत नव्हती, मला तर दिसत होती. तिथं उभ्या उभ्या मी गळ्यातलं कार्ड काढलं. ते पुन्हा घातलं नाही.

रविवारी दुपारी सर्वसाधारण सभा होती. मी दरवर्षी सभेला असते, पण कशी? मागच्या खोलीत चहा करते. हजेरीचं रजिस्टर तिथं येतं, मी ओले हात पुसून सही करते. या खेपेला मी पुढच्या रांगेत खुर्चीवर बसले. सेक्रेटरी जवळ आले, हळूच म्हणाले, "ताई, चहाचं बघता का जरा?"

"कामाची वेळ संपली," मी म्हटलं. "आत्ता मी मेंबर."

लॉबीच्या रंगावर पाऊण तास चर्चा झाली. शेवटी मावशीचा विषय निघाला. सेक्रेटरींनी वाचून दाखवलं, की अपघात जास्त वजनामुळं झाला, कर्मचाऱ्यांनी भरलेल्या बादल्या नेऊ नयेत अशी सूचना लावण्यात येईल, लिफ्ट तात्पुरती दुरुस्त करून उद्यापासून चालू. एका भाकरीच्या वजनाची बाई ती. तिच्यावरच ढकललं.

मी उठले. फोनवरचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. पत्र दाखवा म्हटलं.

मला वाटलं, आता कुणीतरी विचारेल, कसलं पत्र? सेक्रेटरींचा चेहरा लाल झाला. "आमच्या घरातलं बोलणं तुम्ही बाहेर काढता?"

आणि मी सगळ्यांचे चेहरे पाहिले. ते घाबरले होते. मावशीच्या पायामुळं नाही. आपल्या स्वयंपाकघरात या बाईसमोर आपण काय काय बोललो, ते एकेकाला आठवत होतं. पत्राबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. सभा संपली. पत्राची प्रत मिळावी म्हणून मी लेखी अर्ज दिला, तो घ्यायला त्यांचा हात पुढं येईना. मी टेबलावर ठेवला.

संध्याकाळी नवऱ्याला कळलं. तो म्हणाला, "उगा कशाला गं त्यांच्या नादी लागतेस? आपल्याला हितंच राहायचं हाय."

"म्हणूनच," मी म्हटलं.

तशीच उठून मी कर्जतच्या बाजारात गेले. एक साखळी आणि दोन कुलपं घेतली. दुकानदारानं विचारलं, दोन कशाला? म्हटलं, एक तोडतील.

सोमवारी आठला मी मागच्या लिफ्टच्या तळमजल्यावरच्या जाळीला साखळी घातली. कुलूप लावलं. आत नवा रंग दिला होता, खड्ड्यातलं पाणी तसंच होतं. वॉचमननं वर कळवलं, सेक्रेटरी रात्रीच्याच कपड्यांत खाली आले.

"ही सोसायटीची प्रॉपर्टी आहे. मी पोलिसांत तक्रार करीन."

राग आला की मला घरचीच भाषा येते. "करा की तक्रार. ते लिफ्टवाल्याचं पत्र पन घेऊन या संगती. आमी हितंच हाय."

अजून पोलीस आलेले नाहीत. चार घरं सुटली, पाचवं डळमळतंय. परवा फक्त आमच्याच नळाचं पाणी दिवसभर गेलं. दारावर रोज एक नोटीस चिकटवलेली असते, कोण चिकटवतं ते दिसत नाही. काल कुणीतरी साखळीवर करवत चालवली होती, एक कडी अर्धी कापली गेलीय. नवरा माझ्याशी कामापुरतं बोलतो. मावशी तेवढंही बोलत नाही. तिनं मला माफ करावं म्हणून मी हे करत नाही. माफी मागायला जाणारही नाही. पेज मात्र रोज नेऊन ठेवते.

किल्ली माझ्या कनवटीला आहे. ब्रेक बदलल्याचा कागद हातात आल्याशिवाय ती सुटणार नाही. आणि कागद आला तरी त्या लिफ्टमधून फक्त सामान जाईल. दुसरं कुलूप घरात तयार आहे.

साडेआठला बायका गेटवर येतात. पहिले दोन दिवस त्या लॉबीत पाऊल टाकायलाही बिचकत होत्या. आता येतात. मॅडम आल्या तर त्यांनाच बाजूला उभं राहून वाट बघावी लागते, बघू देत. पुढच्या लिफ्टचं दार मी पाय घालून अडवून धरते. तोच पाय. शेवटची बाई आत येईपर्यंत तो काढत नाही.