लाओशी उठून चालत्या झाल्या

युनिव्हर्सिटीचं कार्ड गळ्यात घालून मी पहिल्यांदा अल नहदाच्या स्टॉपवर बसमध्ये चढले, तेव्हा मुद्दाम ओढणी जराशी बाजूला सारली. दिसू दे की लोकांना! रत्नागिरीकडे सातवीपर्यंत शाळा झाली, मग लग्न, मग दुबई. पुढचं सगळं माझं मीच शिकले. इंग्रजी मुलांच्या पुस्तकांतून, हिंदी शेजारणींकडून, अरबी दुकानांच्या पाट्या वाचून. पण समोर शिकवणाऱ्या बाई आणि हजेरीत आपलं नाव, ते तेवढं राहूनच गेलं होतं. म्हणून इथल्या एका युनिव्हर्सिटीत देशोदेशीच्या विद्यार्थ्यांसाठी चिनी भाषा आणि संस्कृतीचा संध्याकाळचा कोर्स आहे, त्यात बाहेरच्यांनाही घेतात असं कळल्याबरोबर मी गेलेच.

चिनीच का, असं सगळे विचारतात. अहो, दुबईच्या बर दुबई भागात आमचं पडद्यांच्या कापडाचं दुकान. चिनी व्यापारी यायचे, माझ्यासमोर आपसात काहीतरी बोलायचे, आणि मी नुसती हसत उभी. त्या हसण्याचा कंटाळा आला, दुसरं काही नाही.

ऑफिसातल्या मॅडमनी माझं वय बघितलं आणि म्हणाल्या, "पहिली लेव्हल पास झालात तर दुसरीत घेऊ. नाहीतर खलास, सीट दुसऱ्याला."

मी म्हटलं, "इन्शाल्ला होणारच. तुम्ही सीट धरून ठेवा."

वर्गात मीच सगळ्यात मोठी. शेजारी बसायची ती सुदानी मुलगी मला हज्जा म्हणायची, अरबीत वयाने मोठ्या बाईला मानाने म्हणतात तसं. शिकवणाऱ्या बाई माझ्या नातीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील, पण त्यांना लाओशी म्हणायचं, म्हणजे आपल्याकडे बाई म्हणतात तसं. चिनीत एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत म्हटला की अर्थ बदलतो. मी भाजी चिरताना सूर घोळवायची, तर हे आतून ओरडायचे, "अगं, कोणावर रागावलीस?"

शेवटची परीक्षा तोंडी होती. लाओशी पाहुण्या, आपण यजमान. चहा द्यायचा, गप्पा मारायच्या, सगळं चिनीत. मी वाक्यं पाठ करून गेले होते. लाओशी आल्या, मी बसा म्हटलं, घरच्यांची खुशाली विचारली. सगळं कसं मस्त चाललेलं. मग किटली उचलली आणि कप भरला. भरला म्हणजे कसा, आमच्या कोकणात भरतात तसा, काठोकाठ, थोडा बशीत.

लाओशींनी कपाकडे बघितलं. शांतपणे पर्स उचलली, मला नमस्कार केला आणि दाराबाहेर निघून गेल्या.

वर्गात हशा पिकला. सुदानी मुलगी म्हणाली, "हज्जा, तू तर पाहुणीला घालवून दिलंस!"

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांच्याकडे चहाचा कप थोडा रिकामा ठेवायचा, काठोकाठ भरला तर पाहुण्याला उठायची खूण. हे शिकवलं होतं हो, मला पाठही होतं! पण हाताला कोण सांगणार? आमच्या घरी अर्धा कप दिला असता तर सासूबाईंनी चार माणसांत माझा कंजूसपणा काढला असता.

आता दुसरी लेव्हल गेली, असं कुणालाही वाटलं असतं. मला तेवढं वाटायलाही वेळ नव्हता, कारण पाहुणी चहा न घेता चालली होती. मी तशीच मागे धावले. लिफ्टपाशी त्यांचा हात धरला.

"जाऊ नका! बसा ना!" मी चिनीत म्हटलं.

"तुम्हीच जा म्हणालात," त्याही चिनीतच.

"मी नाही म्हटलं. हात म्हणाला. माझा हात इंडियन आहे."

त्यांचे ओठ हलले, पण हसल्या नाहीत. "तुमच्या इंडियात पाहुण्याला बुडवतात का?"

"हो! चहात बुडवतात, मग जेवायला घालतात. नाही म्हटलं तरी घालतात."

"आणि पाहुणा घरी कधी जातो?"

"आम्ही सोडू तेव्हा."

मग लाओशी खळखळून हसल्या. त्यांच्या आईबद्दल मी विचारलं, माझ्या गावाबद्दल त्यांनी. पाठ केलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं. सूर चुकले असतील, खूप चुकले असतील, पण मी थांबले नाही. लिफ्ट दोनदा येऊन गेली.

शेवटी त्यांनी इंग्रजीत निकाल सांगितला. बोलण्यात पास, संस्कृतीत नापास. भाषेची दुसरी लेव्हल मिळेल, पण संस्कृतीचा पहिला वर्ग पुन्हा करावा लागेल.

घरी नात वाटच बघत होती. "सो? दादी, डिड यू पास?"

"अर्धी पास, अर्धी नापास."

"ओ नो! दॅट्स सो सॅड."

"सॅड काय त्यात? आता आठवड्याला दोन संध्याकाळी युनिव्हर्सिटी. एक दिवस दुसरीत, एक दिवस पहिलीत."

हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "मग त्या दोन दिवशी जेवणाचं काय?"

"यल्ला, चला मग," मी म्हटलं, "तुमच्यासाठी पण कोर्स शोधते. स्वयंपाकाचा."