रत्नाअक्काची चार बिऱ्हाडं

फोन अनोळखी नंबरवरून आला. नांदेडला ऑफिसात आम्ही डबे उघडून बसलो होतो. पलीकडून एक म्हातारी बाई म्हणाल्या, "रत्नाबाईचे भाऊ का तुम्ही? मी रेणापूरहून बोलून राहिले, कुसुमबाई. घरमालकीण." मी हो म्हणालो आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की झालं, पुन्हा खोली खाली करायला सांगतायत. अक्का गेल्याचं कानावर पडायच्या आधीच मी तिच्यासाठी आता कुठं जागा बघायची, टेम्पो कुणाचा आणायचा, रविवारी जमेल का, हे ठरवायला लागलो होतो. साडेतीन-चार वर्षांत घरमालकाच्या फोनचा मला तेवढाच अर्थ कळायचा. मग कुसुमबाईंनी सांगितलं, की अक्कानं सकाळी चहा ठेवला, दम लागल्यासारखं झालं म्हणून गॅस बंद करून खाली बसली आणि नंतर उठलीच नाही...

आज त्याला दीड महिना झाला. दुःख तर आहेच, पण खरं सांगायचं तर दुःखापेक्षा चीड जास्त आहे, आणि ती कुणावर काढावी ते कळत नाही. नगरपंचायतीत मृत्यूची नोंद करायला गेलो. तिथल्या कारकुनानं फॉर्म पुढं सरकवला आणि 'मयताचा कायमचा पत्ता' या रकान्यावर बोट ठेवलं. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. माझा पेन मात्र तिथं अडला तो अडलाच. शेवटी त्यानंच विचारलं, "मूळ गाव टाकू का?" आणि मुखेड लिहून मोकळा झाला. जे गाव अक्कानं लग्न होऊन सोडलं त्याला पस्तीस वर्षं झाली होती.

रत्नाअक्का माझी मावसबहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मुखेडला आमची घरं लागून होती. बाजाराच्या दिवशी आई आणि मावशी दुकान मांडून बसायच्या आणि मला सांभाळायचं काम अक्काकडं असायचं. मला पाढे तिनं शिकवले, सायकल तिनं शिकवली, आणि दहावीला गणितात नापास झालो तेव्हा घरी सांगायलाही तीच माझ्याबरोबर आली. लग्न होऊन ती लातूरला गेली. दाजींचा टायपिंगचा क्लास होता. ते अकाली गेले. मूलबाळ नव्हतं. पुढं टायपिंगही राहिलं नाही. मग अक्कानं घरातली पुढची खोली शिकवणीला आलेल्या चार मुलींना दिली. त्या मुली उदगीरकडच्या होत्या. बारावीच्या वर्षी लातूरला येऊन राहायचं, क्लास लावायचा, हे तेव्हा गावोगाव सुरू झालं होतं. चाराच्या दहा झाल्या, दहाच्या चाळीस झाल्या. शेजारची इमारत भाड्यानं घेतली, मोठा स्वयंपाक सुरू झाला. कुणाला वांगं चालत नाही, कुणाला परीक्षेच्या आदल्या दिवशी जेवण जात नाही, हे अक्काला तोंडपाठ असायचं. आयांचे फोन आधी तिला यायचे, मग मुलींना. देगलूरच्या एका बाईनं मला एकदा एसटीत सांगितलं होतं, की आमची पोरगी लातूरला नाही हो, रत्नाबाईकडं आहे.

टाळेबंदी लागली तेव्हा अक्कानं नुकतीच दुसरी इमारत भाड्यानं घेतली होती. कॉट, गाद्या, मोठी चूल यासाठी बँकेचं कर्ज काढलं होतं आणि स्वतःचं घर तारण होतं. आठ दिवसांत सगळ्या मुली गावी गेल्या. वर्षभर कुणी परत येणार नाही हे दिसायला लागल्यावर अक्कानं काय करावं? तिनं एकेका पालकाला फोन लावून अनामत रक्कम परत केली. मी तेव्हा तिच्याशी भांडलो. करारात लिहिलंय, मधूनच सोडून गेलं तर अनामत मिळणार नाही, सगळे मालक तेच करून राहिलेत, तू एकटीच कशाला शहाणी होतेस, असं सगळं म्हणालो. ती म्हणाली, "त्या काय मनानं गेल्या का सुधाकर? त्यांच्या बापाचंबी बंदच हाय की सगळं." अनामती परत केल्या, दोन्ही इमारतींचं भाडं चुकतं केलं आणि बँकेचे हप्ते थांबले.

पुढचं सविस्तर सांगत नाही. लोकअदालतीत तडजोड झाली. घर विकून मोठी रक्कम भरायची आणि उरलेली बेचाळीस महिन्यांत, हप्त्यानं. लागोपाठ दोन हप्ते चुकले तर तडजोड रद्द. शिवाय राहण्याचा पत्ता बदलला की बँकेला लेखी कळवायचं. अक्कानं सही केली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, बरं झालं, निदान कधी संपणार ते तरी कळलं. एका मोठ्या वसतिगृहाच्या भटारखान्यात तिनं देखरेखीची नोकरी धरली. चाळीस मुलींना घर देणारी बाई आता स्वतःसाठी एक खोली शोधायला निघाली... आणि एकट्या बाईला खोली मिळत नाही म्हणून दर वेळी नांदेडहून मी.

पहिलं बिऱ्हाड औसा रोडला मिळालं. मालक ठेकेदार होता, बोलायला बरा. भाडं ठरलं, चावी हातात यायची बाकी होती, आणि अक्का म्हणाली, एक गोष्ट सांगून ठेवते, माझ्यावर बँकेचं कर्ज आहे, तडजोड झालीय, मी हप्ते भरते. ठेकेदाराचा चेहरा बदलला. भाडं तेवढंच ठेवून त्यानं आगाऊ रक्कम दुप्पट मागितली. रस्त्यावर आल्यावर मी अक्काला फाडून खाल्लं. विचारलं होतं का त्यानं? गरज काय होती? चालता चालता ती म्हणाली, "उद्या दुसऱ्याकडून कळलं तर मी चोर ठरंन. आज माझ्या तोंडानं सांगितलं तर नुस्ती कर्जदार."

ती नुसती कर्जदारही राहिली नाही. पाचव्या महिन्यात वसुलीवाले दोघं मोटारसायकलवर आले. एकही हप्ता थकलेला नव्हता. तडजोड झाल्याचं त्यांच्या यादीत चढलंच नव्हतं, आणि पत्ता मात्र नवा चढला होता, जो अक्कानंच इमानदारीनं कळवला होता. अक्का कामावर होती. त्यांनी खालच्या किराणा दुकानात आणि शेजारी मोठमोठ्यानं चौकशी केली. संध्याकाळी ठेकेदारानं महिन्याची मुदत दिली. अक्कानं पावत्या दाखवल्या. तो म्हणाला, पावत्या बरोबर असतील हो, पण माझ्या दाराशी तमाशा नको.

दुसरं बिऱ्हाड बार्शी रोडला. तेही असंच, आठ महिने टिकलं. बँकेचं पाकीट चुकून शेजारच्या घरात पडलं, त्यांनी फोडलं, आणि गल्लीला कळलं. दोन्ही वेळा मी बँकेत गेलो. दोन्ही वेळा समोरच्या माणसानं संगणकात बघून सांगितलं, की बाईंचं खातं एकदम व्यवस्थित चालू आहे. मग माणसं का पाठवता? तर म्हणे ते दुसरीकडून होतं.

त्याच दिवसांत आम्ही एका गृहस्थांकडं जागा बघायला गेलो. त्यांनी अक्काला पाहताच ओळखलं. त्यांची धाकटी मुलगी तिच्याकडं दोन वर्षं राहिली होती आणि आता औषधशास्त्र शिकत होती. बायकोला हाक मारली, चहा झाला, चिवडा झाला. टाळेबंदीत तुम्ही एकट्यांनीच अनामत परत केली हो, असं ते तीनदा म्हणाले. मला वाटलं, आता झालं काम. अक्कानं कर्जाचं सांगितलं. ते बराच वेळ पायातल्या चपलेकडं बघत राहिले. "अक्का, तुमच्याबद्दल शंका न्हाई," ते म्हणाले. "पण बँकेची माणसं दारात आली तर... पोरीचं लग्न ठरवून राहिलाव आम्ही." निघताना बाईंनी अक्काला हळदीकुंकू लावायला हात पुढं केला आणि मग विधवा असल्याचं आठवून मागं घेतला. मला तेव्हा जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. अक्का मात्र जिना उतरताना म्हणाली, चिवडा चांगला होता.

तिसरी जागा आडत बाजारामागची. गोदामावर पत्र्याची खोली. खाली तुरीची पोती, वर दिवसभर धूळ. मालकाला सगळं माहीत होतं आणि अक्काला दुसरीकडं कुणी ठेवत नाही हेही. त्यामुळं सहा महिन्यांत दोनदा भाडं वाढलं. तिथं तिला खोकला लागला. तो शेवटपर्यंत गेला नाही. डॉक्टर म्हणाले जागा बदला. अक्का हसली. डॉक्टरांना काय सांगणार?

आता मला लिहायला जड जाणारी गोष्ट. तिथं असतानाच एका रविवारी अक्का नांदेडला आली. जेवणं झाली. माझी बायको आत होती. अक्का म्हणाली, "तुझी वरची खोली नको मला. नोकरी लातूरला हाय. बँकेला पत्रव्यवहारासाठी द्यायला नुस्ता पत्ता दे. बँकेची पत्रं, माणसं, सगळी इकडं येऊ देत. तिथं मला कुणी उठवणार न्हाई." एवढंच तिनं मागितलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं काही मागितलं. माझ्या मुलीच्या शिक्षणाच्या कर्जाचा अर्ज तेव्हा बँकेत होता. ऑफिसातला एक सहकारी म्हणाला होता, की कर्जदाराचा पत्ता आपल्या घराचा लागला तर आपलीही चौकशी लागते. मी त्याची खात्रीसुद्धा केली नाही. 'बघतो' म्हणालो. अक्का लगेच विषय बदलून मुलीच्या कॉलेजबद्दल बोलायला लागली. तो विषय तिनं पुन्हा काढला नाही. पुढं एका ओळखीच्या बँकवाल्यानं सांगितलं, की असलं काही नसतं. त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती.

मी 'बघतो' म्हणाल्यावर तिनं स्वतःच मार्ग काढला. रजा टाकून ती बँकेत जाऊन बसायला लागली. मला लेखी द्या, एवढंच तिचं म्हणणं. साहेब बदलले, अर्ज हरवला, पुन्हा दिला. सातव्या फेरीला पत्र मिळालं : तडजोडीनुसार हप्ते नियमित, कोणतीही वसुली कारवाई प्रलंबित नाही. तिनं ते प्लास्टिकमध्ये घालून घेतलं आणि घर बघायला जाताना बरोबर न्यायला लागली. पुढच्या तीन मालकांनी ते वाचलं. तिघांची नजर 'थकीत कर्ज' या विषयाच्या ओळीवरच थांबली. खालचं कुणी वाचलं नाही. मी तिला म्हणालो, विषयाची ओळ झाकून दाखव. त्यावर ती पहिल्यांदा माझ्यावर चिडली.

रेणापूरचं घर तिला एसटीत कळलं. शेजारी बसलेल्या बाईनं सांगितलं, आमच्या गल्लीत एक म्हातारी एकटीच राहते, खोली रिकामी आहे. त्या कुसुमबाई. अक्कानं पत्र काढून पुढं धरलं. कुसुमबाईंना वाचता येत नव्हतं. अक्कानं वाचून दाखवलं, वरच्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत. कुसुमबाईंनी विचारलं, "भरून राहिलाव न्हवं?" अक्का म्हणाली, हाव. "मग झालं की. माझ्या नवऱ्यानं बुडवलं हुतं, त्याला गाव जेवायला बोलवायचं." चौथं बिऱ्हाड असं लागलं. वसुलीवाले तिथंही आले एकदा. कुसुमबाईंनी त्यांना ओट्यावर बसवून पाणी दिलं, अक्काच्या पावत्या आतून आणून त्यांच्या मांडीवर ठेवल्या आणि एकेक मोजायला लावल्या. ते पुन्हा आले नाहीत. जे मला, बँकेतल्या साहेबांना आणि छापील पत्राला जमलं नाही, ते एका निरक्षर बाईनं अर्ध्या तासात केलं.

शेवटचा हप्ता या वर्षी भरून झाला. थकबाकी नसल्याचा दाखला मिळाला त्या दिवशी अक्कानं मला फोन केला. आवाजात आनंद होता की नुसता थकवा, मला ओळखता आलं नाही. मी घाईघाईनं म्हणालो, अक्का, आता नोकरी सोड, नांदेडला ये, वरची खोली तुझीच आहे. ती म्हणाली, "आता कशाला रे..." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तिनं सरळ विचारलं होतं. पुढं तिला अडीच महिने मिळाले.

तेराव्यानंतर सामान आणायला रेणापूरला गेलो. सामान कसलं? दोन पातेली, एक पेटी, गादी, औषधं. 'छोटा हत्ती' टेम्पो सांगितला होता, तो अर्धाही भरला नाही. दिवसकार्याच्या गर्दीत माझं लक्ष गेलं नव्हतं, ते त्या दिवशी खोलीला कुलूप लावताना गेलं. चौकटीच्या वरच्या पट्टीवर निळ्या तैलरंगात तिचं पूर्ण नाव रंगवलेलं होतं. अक्षर चांगलं वळणदार होतं. कुसुमबाई म्हणाल्या, दाखला आला त्याच आठवड्यात गावातल्या पेंटरला बोलावून अक्कानं ते काढून घेतलं. आधी परवानगी मागितली, मग समोर उभं राहून तीन वेळा अक्षर दुरुस्त करायला लावलं. आधीच्या एकाही घरावर तिनं कागदाची चिठ्ठीसुद्धा लावली नव्हती.

मी म्हणालो, मावशी, पेंटर बोलावतो, पट्टी रंगवून घेऊ, तुम्हाला खोली भाड्यानं द्यायला बरं. त्यांनी मानेनंच नको म्हटलं. खोली बघायला एक मास्तर येऊन गेला होता म्हणे.

"त्याला सांगितलंय मी," कुसुमबाई म्हणाल्या, "ह्या खोलीला नाव हाय. ते तसंच राहील. चालत असंल तर ये."