ढालीसारखा की गोल?

हेमंत सुट्टीवर साखरशेतला आला तो डोक्यात भुंगा घेऊनच.

पलटणीत नवे कॉइन पाडायचे होते. कॉइन म्हणजे बाजारातलं नाणं नव्हे. त्यावर जव्हारच्या स्टँडवर कुणी अर्धा कटिंगही देणार नाही. पलटणीचं चिन्ह कोरलेला धातूचा बिल्ला तो. जवानाने काही जिवावरचं काम केलं की साहेब त्याच्याशी हात मिळवतात आणि हातातला बिल्ला गुपचूप त्याच्या मुठीत सरकवतात. मग तो कायम अंगावर बाळगायचा. एखाद्याने भर मेसमध्ये "दाखव" म्हटलं आणि खिसा रिकामा निघाला, तर सगळ्यांना चहा पाजायचा, वर हसं होतं ते वेगळंच. जुने बिल्ले संपत आले होते. नव्यांचा आकार यंदा अधिकाऱ्यांनी नव्हे, जवानानेच ठरवावा, असं मेजरसाहेबांच्या मनात आलं. स्टीलच्या ग्लासात चिठ्ठ्या टाकल्या आणि नेमकी हेमंतची निघाली.

"इतवार को फोन करूंगा. साइज और शेप, दोनों तुम बताओगे," साहेब म्हणाले. हेमंतने टाचा जुळवून "जी सर" म्हणून टाकलं. फौजेत दुसरं उत्तर शिकवतच नाहीत.

आता तो ओट्यावर बसून मोबाइल वरखाली करत होता. साहेबांनी चित्रं धाडली होती. गोल, आठ कोनांचा, ढालीसारखा, चौकोनी. प्रत्येकाचे पुन्हा तीन मापांचे भाऊबंद: अडतीस मिलिमीटर, चव्वेचाळीस, पन्नास. मोबाइलच्या पडद्यावर सगळे सारखेच दिसत.

खरं सांगायचं तर कुठलंही माप निवडायची त्या गड्याला सवयच नव्हती. घरची जमीन नाही. पिढ्या गेल्या त्या दुसऱ्याच्या बांधावर. पावसाळ्यात लोकांची लावणी, दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्ट्या. भट्टीवर झोपडी केवढी बांधायची ते मुकादम काठीने जमिनीवर रेघ ओढून सांगायचा. आश्रमशाळेत गणवेशाचे गठ्ठे यायचे आणि ज्याच्या अंगावर जो पडेल तो त्याचा. हेमंतने अख्खी चौथी थोरल्या पोराच्या चड्डीत काढली, कमरेला सुतळी आवळून. बाप लवकर गेला. आई धोंडीबाईने राबून वाढवला, भरतीत छाती भरली, पोरगा फौजी झाला. पण तिथेही बूट मिळतात, निवडायचे नसतात. आणि अशा माणसाला साहेब विचारतात, केवढा पाहिजे आणि कसा पाहिजे! चुकीचं सांगितलं तर सगळ्या पलटणीच्या खिशात हेमंतची चूक खुळखुळत राहणार, या विचाराने त्याला भाकर गोड लागेना.

त्याने जीपवाल्या तुकाला विचारलं. तुका त्याच्या वर्गातला, जव्हार-साखरशेत जीप चालवणारा.

"त्याच्यात काय रं एवढा इचार?" तुका म्हणाला. "बोहाड्यात नाचवतात तसला मुखवटा कर. दहा तोंडांचा. शत्रू बघूनच पळंल."

"खिशात कसा मावंल तो?"

"खिसा मोठा शिव."

तुका स्वतःच्या विनोदावर खोकला येईस्तोवर हसला. जीपमधल्या बायाही हसल्या. हेमंत मात्र खरंच दहा तोंडांचा विचार करू लागला होता, इतकी त्याची मती गुंग झाली होती.

जव्हारच्या बाजारात बळवंतकाकांचं दुकान आहे. शाळांच्या ट्रॉफ्या, रबरी शिक्के, दारावरच्या पाट्या, असा सगळा संसार. काका स्वभावाने उत्साही. फौजी सल्ला विचारायला आलाय म्हटल्यावर त्यांनी शिक्क्याचं गिऱ्हाईक बाकावर बसवलं आणि कात्री घेऊन पुठ्ठ्याचे आकार कापायला लागले.

"पन्नासच घ्या. मोठा, गोल. दिलं तर काहीतरी दिलंसं वाटलं पाहिजे," असं म्हणून त्यांनी एक हेमंतच्या तळहातावर ठेवला. मग लांबून पाहिलं. "नाही हो, फारच ताटलीसारखा दिसतो. चव्वेचाळीस बघा." मग तोही उचलला. "यात चिन्ह बसेल, पण अक्षरं? अक्षरं वाचता नको यायला? मग पन्नासच. आणि ढालीचा आकार. फौज म्हटल्यावर ढाल आलीच."

"काका, मघाशी गोल बोल्लात."

"गोलही वाईट नाही," काका म्हणाले आणि स्वतःच डोकं खाजवू लागले.

तासाभरात काउंटरवर पुठ्ठ्यांचा खच पडला. एका गोंधळलेल्या माणसाच्या जागी दोन झाले. शेवटी काकांनी कात्री खाली ठेवली. "तुमच्याकडे जुना असेल ना एक? तो घेऊन या. खरी वस्तू हातात धरल्याशिवाय अंदाज येत नाही."

जुना होता. बर्फात अडकलेल्या दोघा जोडीदारांना बाहेर काढलं तेव्हा हेमंतला मिळालेला. ढालीच्याच आकाराचा, मोठा, खाली टोकदार, वर निळा रंग. पण रांगायची वेळ आली की ते टोक मांडीत घुसायचं. म्हणून गेल्या सुट्टीत तो आईकडे ठेवून गेला आणि तेव्हापासून पठ्ठ्या गुपचूप चहा पाजत होता. आईला देताना त्याने हात मिळवायची रीत, अंगावर बाळगायचा नियम, सगळं हसत हसत सांगितलं होतं.

रविवारी सकाळी त्याने पेटी उपसली. बिल्ला नव्हता. तांदळाचा डबा पाहिला, देव्हाऱ्यात देवांच्या मागे चाचपलं. नव्हता.

"आये, बिल्ला कुठं हाये?"

धोंडीबाई परातीत नाचणीचं पीठ मळत होती. "हाय. कुठं जातो?"

"हाय तं दाखव ना."

"दाखवीन. पीठ मळूं दे."

हेमंतचा पारा चढला. "हरवला असंल तं सरळ सांग. मी काय खातो तुला?"

"हरवंल कसा?" म्हणत तिने हात पुसले, त्याच्याकडे पाठ केली आणि कमरेशी काहीतरी सोडवू लागली. लुगड्याच्या कनवटीतून एक चिंधी निघाली. चिंधीतून बिल्ला निघाला. निळा रंग पार उडाला होता आणि खालचं पितळ घासून लखलखत होतं.

हेमंत बघतच राहिला. "हा इथं कधीपासनं?"

"तू ठेवून गेला तवांपासनं."

"भट्टीवर पण नेला?"

"भट्टीवर नेला, लावणीला नेला. रातच्याला उशाखाली."

"अगं पण कशाला?"

"तूच बोल्ला ना, अंगावर नसला तं चालत नाय," धोंडीबाई म्हणाली. त्याला एवढं साधं कळू नये याचं तिला नवल वाटत होतं. "तू तं इथं टाकून गेला. मंग कोणी बाळगाया नको?"

घरातल्या एकाने बोललेला नवस दुसऱ्याने फेडला तरी देवाला चालतो, असं ती जन्मभर मानत आलेली. फौजेलाही चालत असेल, एवढाच तिचा विचार. लुगडं सारखं करताना कमरेच्या हाडावर बोटभर काळा घट्टा हेमंतला दिसला. ढालीचं टोक नेमकं तिथे येत होतं. त्याला स्वतःचा राग आला.

"टोचत नाय?"

"वाकलं का टोचतो," ती म्हणाली. "टोचला का ठावं पडतं, हाय म्हणून."

तेवढ्यात फोन वाजला. रेंज ओट्याच्या एकाच कोपऱ्यात यायची. हेमंत तिथे पळाला आणि सवयीने ताठ उभा राहिला.

"हां हेमंत, बोलो. क्या तय किया?"

"सर, गोल." आपल्याच तोंडून इतक्या झटक्यात उत्तर निघालेलं पाहून त्याला घाम फुटला.

"गोल?" साहेबांचा आवाज जरा उतरला. "हमारी तो ढाल चलती आई है. मुझे भी ढाल पसंद है."

इथे "जैसा आप कहें, सर" म्हणायचं असतं. ते शब्द हेमंतच्या जिभेवर आलेही. त्याने ते गिळले.

"सर, उसका कोना चुभता है."

"किसको चुभता है?"

"मां को, सर."

मग साहेबांनी हळूच विचारलं, "साइज क्या लिखूं?"

अडतीस, चव्वेचाळीस, पन्नास सगळे हेमंतच्या डोक्यातून उडाले. त्याने फोन छातीशी धरला आणि वळून पाहिलं. "आये, केवढा पायजे?"

"काय?"

"बिल्ला. नवा. केवढा करू?"

आपल्याला का विचारतोय हे धोंडीबाईला उमगेना. ती क्षणभर इकडेतिकडे पाहत राहिली. मग पीठ अजून चिकटलेलं अंगठ्याचं टोक तिने मधल्या बोटाला टेकवून लहानसं कडं केलं. "एवढा बस झाला."

"सर, सबसे छोटा," हेमंत म्हणाला. "और किनारा घिसा हुआ, सर. हाथ को लगे नहीं."

"लिख लिया," साहेब म्हणाले. फोन बंद झाला.

हेमंत आईजवळ येऊन बसला. तिने जुना बिल्ला पुन्हा चिंधीत गुंडाळायला घेतला होता. तो धरायला गेला, तिने हात मागे घेतला.

"आता देवापाशी ठेव ना तो."

"नवा येवं दे. मंग तो बांधीन, हा ठेवीन."

"पण आये, नवा गोल होईल. टोचायचा नाय. मंग अंगावर हाय का नाय, तुला ठावं कसं पडंल?"

धोंडीबाईने कनवटीची गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली आणि परात पुढे ओढली.

"हात लावून बघीन," ती म्हणाली.