भाजताना भाजलं

तुळजाबाईचा डावा पंजा पुरता उघडत नसे. तळव्याची कातडी आखडून बोटं आत वळली होती, मुठीत काही लपवून ठेवल्यासारखी. जाफराबादेत नवीन आलेली एखादी बाई विचारायची, "काय झालं हो हाताला?" ती म्हणे, "कॉफी भाजताना भाजलं." मग बायका हात सोडून कॉफीचंच विचारत बसत. आमच्या गावात तेव्हा कॉफी हेच मोठं नवल होतं.

ती माझी शेजारीण. मध्ये एकच भिंत. घरात माणसं तीन: तुळजाबाई, तिचा नवरा धर्मराज आणि धर्मराजची आई सोनूबाई. सोनूबाईला उजेड आणि अंधार एवढंच दिसे. धर्मराज कापसाच्या गाड्या भरायला जाई. अंगानं दांडगा, बाहेर बोलायला मऊ. माझ्या घरावरून जाताना खाली मान घालून "नमस्कार काकू" म्हणे. संध्याकाळी मी देवापाशी माळ घेऊन बसले की भिंतीपलीकडून पहिला धपका ऐकू येई, आणि माळ तिथंच थांबे.

निजामशाही गेली त्यानंतर कचेरीत मद्रासकडचे एक साहेब आले. त्यांच्या बायकोकडे, अलमेलूबाईंकडे, तुळजाबाई भांड्यांना लागली. "काकू, बाईला मराठीचे तीनच शब्द येतेत," ती मला सांगे. "हळू, बस आन् अय्यो. त्यातला तिसरा तर मराठी न्हाईच!" अलमेलूबाई घरीच कॉफीच्या बिया भाजत. त्यासाठी त्यांच्याकडे लोखंडाचा एक आडवा डबा होता, तांब्यापेक्षा जरा मोठा. त्याला सरकतं झाकण आणि लाकडी मुठीचा दांडा. बिया आत घालून डबा शेगडीवर आडवा ठेवायचा आणि दांडा फिरवत राहायचं. साहेबांची बदली झाली तेव्हा बाईंनी तो डबा तुळजाबाईच्या हातात दिला, वर हिरव्या बियांची एक थैली.

आता बाई गेलेल्या, शिकवायला कुणी नाही. आमच्याकडे भाजणं म्हणजे लाह्या आणि फुटाणे. दाणा फुटून उमलला की झालं. तुळजाबाई त्याच हिशोबानं बसली. बिया तडतडल्या, पण उमलेनात. ती आपली वाट बघत दांडा फिरवत राहिली, आणि झाकण उघडलं तर आत निव्वळ कोळसा. तोंडाला काजळी लावून माझ्या दारात आली. "काकू, ह्या बिया वांझ दिसून राह्यल्या. फुलतच न्हाईत!"

वाट सापडली ती सोनूबाईला. म्हातारी शेगडीपाशी कान देऊन बसे. "तुळजे, ह्ये दोनदा बोलतंय बघ. एकदा लाहीवानी, ठसक्यात. मंग गप. मंग दुसऱ्यांदा, बारीक, इस्तवात मीठ पडल्यावानी. दुसरा बोल निघाला की उतरव. त्याच्या फुडं राख." त्या दिवसापासून दांडा सुनेच्या हातात आणि हुकूम सासूचा. म्हातारीनं "हं" म्हटलं की तुळजाबाई फडक्यानं डबा उचलून बिया सुपात ओती आणि पाखडायला बसे. पातळ साल उडून अंगणभर जाई. मी एकादशीला तिच्याकडच्याच बियांची कॉफी घेई. उपासाला चहा चालतो की नाही यावर वाद होता. कॉफीबद्दल कुठल्याच पोथीत काही लिहिलेलं नव्हतं. कचेरीतली माणसं आणि गावातले भागचंद शेठजीही बाहेरून हिरव्या बिया मागवून तिच्याकडूनच भाजून घेऊ लागले.

धर्मराजला तो पहिला बोल सोसत नसे. निजामशाही जायच्या गडबडीच्या साली बंदुकवाल्यांनी हवेत बार काढत त्याला चावडीपुढच्या लिंबाला उलटं टांगून मारलं होतं, आई आणि बायको दोघींच्या समोर. बिया ठसक्यात तडतडल्या की तो झोपेत असो की जेवत, ताडकन उठे आणि हाताला येईल त्यानं तुळजाबाईला हाणी. चाबकाची मूठ, फुकणी, पाटलाकडून आणलेली बैलाच्या मानेची जोती. एकदा तिचे केस दाराच्या कडीला बांधून लाथा घातल्या. पोटात होतं ते त्याच रात्री गेलं. एकदा पुढचे दोन दात ओट्यावर पडले. ते तिनं लुगड्याच्या टोकात बांधून नेऊन पूर्णा नदीला सोडले. लोक म्हणत, बिचाऱ्यानं फार सोसलंय. सोसलं होतं, खरं आहे. पण ज्यांनी त्याला मारलं, त्यांच्या अंगाला त्याचा हात कधी लागला नाही.

मी मध्ये पडले नाही असं नाही. एकदा दारात जाऊन उभी राहिले. तो वर न बघता म्हणाला, "काकू, तुमचं सोवळं मोडंल." आणि माझ्यासमोर तिच्या पाठीत गुडघा घातला.

पंजा भाजला तो असाच. बिया उतरवायची वेळ झाली होती, म्हातारी "हं" म्हणाली होती. तुळजाबाईनं फडकं घेतलं तोच त्यानं तिचं मनगट धरलं आणि उघडा तळवा डब्यावर दाबला. दाबून धरला. मला इकडे आवाज आला तो तिचा नव्हता, सोनूबाईचा होता. "सोड रे, मुडद्या! मास जळून राह्यलंय, मला वास येऊन राह्यलाय!" नंतर वैद्याकडे तोच तिला घेऊन गेला, आणि तोच मऊ आवाजात बोलला, "कॉफी भाजताना भाजलं जी." वैद्यानं मान डोलावली. चावडीवर सांगितलं, तिथंही मान डोलावली. तुळजाबाईही तेच सांगू लागली.

पट्टी सुटल्यावर ती पुन्हा शेगडीपाशी बसली. मी म्हटलं, "अगं, टाक तो डबा विहिरीत." ती म्हणाली, "डबा टाकून मार कमी व्हतो का? डबा नव्हता तवा काय कुंकू लावत व्हता मला? काकू, एक दिस ह्यो मला मारूनच टाकणार. माझं एक असू द्या. पण माझ्यामागं म्हातारी घावली ना ह्याला." रेणुकाईला तिनं नवस बोलला होता, मुलाचा नव्हे. "आत्याबाईच्या अंगाला ह्याचा हात लागू नये, एवढंच मागितलं मी पिंपळगावच्या आईकडं." तोवर तो सोनूबाईच्या वाटेला गेला नव्हता.

श्रावणातला सोमवार होता, भर दुपार. मी बेलपत्रं धुवायला परसात आले होते. दोन परसांमधलं कुंपण काट्यांचं, त्यातून त्यांची पडवी सरळ दिसे. शेगडी पेटलेली, तुळजाबाई दांडा फिरवतेय, शेजारी म्हातारी कान लावून. धर्मराज आत झोपलेला. बिया तडतडल्या आणि तो बाहेर आला, हातात वरवंटा. तुळजाबाई उठली नाही. सोनूबाई मात्र आवाजाच्या रोखानं हात पसरून मध्ये उभी राहिली. "धर्मा, आज उपास हाय रे सोमवारचा. आज नको."

त्यानं आईच्या छातीत लाथ घातली.

म्हातारी वाळल्या काटकीसारखी मागं गेली. कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं, रक्त डोळ्यांत उतरलं. तरी पडल्या जागेवरून तिचा आवाज आला. आजही तो माझ्या कानात आहे. कण्हणं नव्हतं ते. शेगडीवर दुसरा बोल सुरू झाला होता.

"हं," म्हातारी म्हणाली. "तुळजे, उतरव."

तुळजाबाईनं फडकं घेतलं, डबा उचलला, झाकण सरकवलं, आणि सूप जिथं असायचं तिथं त्या क्षणी तिच्यावर वाकलेल्या धर्मराजचं तोंड होतं. बिया त्याच्या गालावर, मानेवर, बंडीच्या गळ्यातून छातीवर गेल्या. तो गुरासारखा हंबरला. वरवंटा त्याच्याच पायावर पडला. तो अंग झटकू लागला तसतशा बिया कातडीत रुतल्या, कातडीसकट निघू लागल्या. तुळजाबाई थांबली नाही. तापलेला डबा दांड्याला धरून तिनं त्याच्या खांद्यावर घातला, मग कोपरावर, मग गुडघ्यावर. तो खाली बसला. ओरडत नव्हती ती. फक्त दर घावाला म्हणत होती, "म्हातारीला? म्हातारीला?" माझ्या हातातली बेलपत्रं कधी सांडली कळलं नाही. मी कुंपण ओलांडून गेले ते सोनूबाईकडे. तिचं डोकं मांडीवर घेतलं, पदर कपाळावर दाबला.

त्याचा चुलतभाऊ रामराव ओरडत ठाण्यावर गेला. "बायकूनं मारलं, बायकूनं जाळलं!" जमादार आले. हैद्राबादकडचे, मिशीवाले. पडवीत गाव जमलं. धर्मराज खाटेवर, तोंडाला लोणी फासलेलं, एक डोळा बंद. तुळजाबाई खांबाला टेकून. सूप पालथं, बिया चहूकडे.

"किसने किया? सच बोलो," जमादारांनी विचारलं. ते माझ्याकडे वळले, तोच माझ्या मांडीवरून म्हातारीनं मान उचलली.

"जमादार, माझं लेकरू कॉफी भाजताना भाजलं."

"इतना?"

"मागच्या साली माझ्या सुनेचा हात असाच भाजल्ता. तवा चावडीवर हेच सांगितलं व्हतं आन् समद्यांनी मान हालवल्ती. आज का न्हाई हालवत?"

जमादारांनी तुळजाबाईचा वळलेला पंजा पाहिला. म्हातारीचं कपाळ पाहिलं. मग खाटेपाशी जाऊन वाकले. "तू बोल. बायकोनं मारलं, असं लिहू का? पूरे गाँव के सामने बोलना पड़ेगा."

धर्मराजनं बऱ्या डोळ्यानं सगळ्यांकडे पाहिलं. रामराव म्हणाला, "बोल ना दादा."

"भाजताना," तो म्हणाला. ओठ सुजले होते, शब्द नीट निघेना. "भाजताना भाजलं जी."

त्यानंतर तो त्या घरात बाहेरच्या खोलीत राहिला, मरेपर्यंत. गालावर बियांएवढे डाग पडले होते. शेगडी पेटली की तो उठून नदीकडे जाई, आणि बिया दोन्ही बोल बोलून झाल्यावर परत येई. हात पुन्हा उचलला नाही. बायकोवर नाही, आईवर नाही.

पुढच्या एकादशीला तुळजाबाई माझ्या दारात आली, पळसाच्या पानात भाजलेल्या बिया घेऊन. मी हात पुढे केला आणि जरा थांबले. तिच्या ते ध्यानात आलं.

"घ्या काकू, उपासाला चालतील," ती म्हणाली. "ह्या त्या न्हाईत. त्या मी येचून, पाखडून पूर्णेला सोडल्या. दातावानी."